समासातल्या पेन्सिलीच्या खुणा

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादे तरी असे पुस्तक असते, की ज्याच्या समासात कोणीतरी काहीतरी लिहून ठेवलेले असते. वडिलांचा सिद्दूर, आजोबांची हग्गादा, शाळेतले मराठीचे वाचनपुस्तक, नाहीतर मुंबईहून येताना पेटीच्या तळाशी घालून आणलेली एखादी कादंबरी. कोठे कठीण शब्दाचा अर्थ, कोठे नुसती उभी रेघ, कोठे प्रश्नचिन्ह, तर कोठे ‘खरे आहे’ एवढेच दोन शब्द. छापलेला मजकूर सगळ्या प्रतींत एकच असतो. परंतु समासातले ते अक्षर जगातल्या दुसऱ्या कोणत्याही प्रतीत नसते. ह्या लेखात आम्ही त्याच अक्षराविषयी बोलणार आहोत. टीप म्हणजे काय, एकाच ओळीवर दोन माणसे निरनिराळ्या टिपा का लिहितात, आणि आपल्या वयाच्या माणसांनी हे काम आता का हाती घ्यावे, हे क्रमाने पाहू.

टिपांचे तीन प्रकार

पहिली ती अर्थटीप. शब्द अडला, त्याचा अर्थ बाजूला लिहिला, काम झाले. दुसरी संदर्भटीप. ‘अगस्ती कोण?’ ‘ही कविता कोठे लिहिली गेली?’ अशा प्रश्नांचे उत्तर ती देते. ह्या दोन्ही टिपा बरोबर असतात किंवा चूक असतात. शब्दकोश किंवा इतिहासाचे पुस्तक उघडले की निकाल लागतो.

तिसरी टीप मात्र वेगळी. ती वाचणाऱ्याची स्वतःची असते. ओळ वाचताना त्याला काय आठवले, काय पटले, कशाचा राग आला, हे ती सांगते. तिचा निकाल शब्दकोशात लागत नाही.

आपल्या काळच्या शाळेत पहिल्या दोन प्रकारांवर भर असे. ‘संदर्भासह स्पष्टीकरण करा’ हा प्रश्न कोणास आठवत नाही? कोण म्हणाले, कोणास म्हणाले, केव्हा म्हणाले, आणि मग चार ओळींत अर्थ. ही शिस्त चांगलीच होती. पण त्यापाठोपाठ ‘कवीला येथे काय म्हणावयाचे आहे?’ असा प्रश्न येई आणि त्याचेही उत्तर एकच धरले जाई. गाईडात छापलेले तेच वहीत आणि वहीतले तेच पेपरात. त्यामुळे कवितेला एकच अर्थ असतो आणि तो आपल्याला नव्हे, तर दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असतो, अशी समजूत अनेकांच्या मनात कायमची बसली.

आपल्या धर्मग्रंथांची परंपरा नेमके ह्याच्या उलट सांगते.

एका पानावर बसलेली मंडळी

व्हेनिस शहरात दानिएल बोंबर्ग नावाच्या छापखानेवाल्याने 1516–17 साली आणि पुन्हा 1524–25 साली टीकांसह तनाख छापला. असे टीकांसह छापलेले तनाख ‘मिक्राओत गेदोलोत’ ह्या नावाने ओळखले जातात आणि त्यांच्या पानाची ठेवण आजही तीच आहे: मध्ये पवित्र वचन आणि त्याच्याभोवती बारीक टाइपात टीकाकार. एका बाजूस राशी, दुसऱ्या बाजूस इब्न एझ्रा, आणि पुढे रामबानसारखे इतर. ही मंडळी एका काळातली नाहीत आणि एका देशातलीही नाहीत. राशी (1040–1105) फ्रान्समधल्या त्र्वा गावचे. इब्न एझ्रा बाराव्या शतकातले, स्पेन सोडून इटली, फ्रान्स, इंग्लंड असे फिरत राहिलेले. रामबान (1194–1270) स्पेनमधल्या गेरोना शहराचे. उतारवयात, 1267 साली, ते एरेत्स इस्राएलला पोहोचले. परंतु पानावर ते शेजारी शेजारी बसून एकमेकांशी वाद घालतात.

उदाहरणासाठी ‘लेख लेखा’ हीच पाराशा घेऊ. परमेश्वर अब्राहामाला निघायला सांगतो, तेव्हा ‘जा’ ह्या शब्दापुढे ‘तुझ्यासाठी’ असा अर्थ होईल असा आणखी एक शब्द येतो. तो कशाला? राशी म्हणतात, ह्या जाण्यात तुझेच हित आहे, तुझेच सुख आहे. तेथे तुझे मोठे राष्ट्र होईल. रामबान म्हणतात, एवढे शोधायला नको. ही भाषेची लकब आहे, हिब्रूत ठिकठिकाणी असे बोलतात. मराठी माणसाला रामबानांचे म्हणणे चटकन कळावे. ‘तू आपला जा’, ‘मी आपला बसलो’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या ‘आपला’ शब्दाचा अर्थ काय? काही नाही आणि पुष्कळ काही. राशींचा कान त्यातले ‘पुष्कळ काही’ ऐकतो, रामबानांचा कान बोलण्याची रीत ऐकतो.

त्याच वचनात ‘मोलेदेत’, म्हणजे जन्मभूमी, सोडण्याची आज्ञा आहे. पण अब्राहाम तर बापाबरोबर ऊर सोडून आधीच हारानला आलेला. मग आता कोणती जन्मभूमी सोडायची? राशी म्हणतात, निघालाच आहेस तर आणखी दूर जा. इब्न एझ्रा म्हणतात, ही आज्ञा ऊरमध्ये असतानाच झालेली होती. रामबान म्हणतात, अब्राहामाचे मूळ ऊरचे नव्हेच; ते हारानकडच्या प्रदेशातले. तिघेही धर्मनिष्ठ, तिघेही भाषेचे जाणकार, तिघांसमोर तीच अक्षरे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. वाचणाऱ्याच्या आयुष्यावरून त्याची टीप ओळखता येते, असे वाटण्याचा मोह होतो. पण राशी शिक्षणासाठी ऱ्हाईनकाठच्या मायन्स आणि वर्म्सला गेले ते सोडल्यास त्र्वालाच राहिले आणि तरी जाण्यातले हित त्यांनीच दाखविले. म्हातारपणी समुद्र ओलांडून आलेल्या रामबानांनी मात्र व्याकरण पुढे केले. तेव्हा टीप अनुभवातून येते, तशीच ती वाचण्याच्या पद्धतीतूनही येते. कोणी शब्दाला घट्ट धरतो, कोणी कथेला, कोणी उपदेशाला.

मराठीचा दाखला

मराठीतही हेच दिसते. भगवद्गीतेचे श्लोक सातशे. ज्ञानेश्वरांनी 1290 साली त्यांवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910–11 च्या हिवाळ्यात त्याच सातशे श्लोकांवर ‘गीतारहस्य’ लिहिले, तेही पेन्सिलीने. ते 1915 साली छापून आले. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्याच गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. ज्ञानेश्वरांच्या ओव्यांत भक्ती आणि अद्वैत एकत्र नांदतात. टिळक म्हणतात की गीता संन्यास नव्हे, कर्म करायला सांगते. विनोबा तीच गीता तुरुंगातल्या साध्या कैद्यांच्या रोजच्या जगण्यापर्यंत आणून पोहोचवतात. दोघे तुरुंगात बसून लिहिणारे-बोलणारे, ग्रंथ एकच, आणि तरी पुस्तके दोन.

आपल्या बेने इस्राएल समाजातही टीकेची अशी परंपरा आहे; तिला आपण टीका म्हणत नाही एवढेच. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी प्रार्थनेची कितीतरी पुस्तके मराठीत आणली. भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक शब्दाशी अर्थ निवडावा लागतो, म्हणजे भाषांतर हीदेखील एक टीपच. पुण्यात 1874 साली तळकर मंडळींनी मराठी अर्थासह जी सचित्र हग्गादा छापली, तिच्यात मात्सा करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. युरोपातल्या हग्गादेतल्या बायका युरोपातल्या वेषात, आपल्या हग्गादेतल्या आपल्या वेषात! चित्रकाराने एक शब्दही न लिहिता समासात जणू लिहून ठेवले, की मिसरातून निघालेल्या त्या लोकांत आमच्याही आया होत्या.

पाच प्रती, एक कविता

वाद थोरामोठ्यांतच होतो असे नाही, हे पाहावे म्हणून आम्ही एक साधा प्रयोग केला. सावरकरांची ‘सागरास’ ही कविता आपल्या पिढीला पाठ आहे; मंगेशकर भावंडांच्या गाण्यामुळे ती घराघरांत पोहोचली. रुंद समास सोडून तिच्या पाच प्रती काढल्या आणि पाच जणांना दिल्या. सूचना एकच: हाती पेन्सिल घ्या, वाचताना जे मनात येईल ते बाजूला लिहा, दुसऱ्याला विचारू नका.

आधी संदर्भ सांगितला पाहिजे. ही कविता 1909 साली इंग्लंडच्या ब्रायटन येथे समुद्रकाठी रचली गेली. सावरकर लंडनला बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी गेलेले. त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे थोरले बंधू बाबाराव यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. 1 जुलैला मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळी घातली आणि ऑगस्टमध्ये त्यांना फाशी झाली. अशा दिवसांत कवी समुद्राला विनवतो, की मला मायदेशी परत ने. तूच मला घेऊन आलास, आईला परतीचे वचन दिलेस, आणि आता फसवतोस, अशी त्याची तक्रार आहे. एवढे प्रत्येक वाचकाला मान्य करावेच लागेल. आता प्रती पाहू.

पहिली प्रत अश्दोदच्या एका गृहस्थाकडे गेली. त्यांची नोकरी सगळी बंदरात झाली. भावनेच्या ओळींवर त्यांची पेन्सिल फारशी थांबलीच नाही. जेथे कवी समुद्राला तुझ्यावर इंग्रजांचा धाक आहे असे टोचतो आणि अगस्तीची आठवण देतो, तेथे त्यांनी दुहेरी रेघ मारली आणि लिहिले: ‘समुद्र कोणाचा नोकर नसतो. बोटी असतात.’

दुसरी प्रत लोदच्या एका निवृत्त कारकुनांकडे. त्यांनी ‘मातृभूमी’ ह्या एका शब्दाला गोल केले आणि बाजूला लिहिले: ‘आमची मातृभूमी भारत, पितृभूमी इस्राएल. आईकडे गेलो तर बापाला सोडले, बापाकडे आलो तर आईला. कवीला एकच होती, तो सुखी.’ सावरकरांना सुखी म्हणणारी ही टीप इतिहासाच्या दृष्टीने विचित्र वाटेल. पण त्या टिपेत कवीचे आयुष्य नाही, वाचणाऱ्याचे आहे.

तिसरी प्रत एका नातीकडे. तिचा जन्म येथलाच. मराठी ऐकून कळते, वाचता येत नाही. आजीने अर्थ सांगितला आणि तिने हिब्रूत टिपा लिहिल्या. पहिली टीप: ‘तो तिकीट काढून परत का गेला नाही?’ मोठी माणसे हसली. परंतु प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर संदर्भटिपेतच मिळते: परत गेल्यास अटक ठरलेली होती. पुढे 1910 साली त्यांना लंडनमध्ये पकडले आणि हिंदुस्थानात नेले ते कैदी म्हणून. वाटेत 8 जुलैला मार्सेल्सच्या बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली. हे कळल्यावर मुलीने आपला प्रश्न खोडला नाही. त्याच्याखाली दुसरी ओळ लिहिली: ‘म्हणजे समुद्राकडे मागणे हे माणसाकडे मागण्यापेक्षा सोपे होते.’ पाठांतर करून वाढलेल्या आपल्यापैकी कोणाला ही ओळ सुचली असती, असे आम्हांस वाटत नाही.

चौथी प्रत ओमानला गेली. मस्कतजवळ रुसैल येथे मोठी औद्योगिक वसाहत आहे आणि तेथे आपल्या कोकणातलीही माणसे कामाला आहेत. रेवदंड्याच्या जुन्या शेजाऱ्यांचा नातू तेथे एका कारखान्यात फिटर आहे. आम्ही कागद मोबाइलवर पाठविला, त्याने तो छापून घेतला आणि टिपा लिहून फोटो परत पाठविला. समुद्राने आईला दिलेल्या वचनाजवळ त्याने लिहिले आहे: ‘दोन वर्षांचा करार. एजंट पण असेच बोलला होता. आता अकरा वर्षे झाली.’ आणि परदेशातल्या वाड्यांपेक्षा आईची झोपडी प्रिय, असे कवी जेथे म्हणतो, तेथे त्याची टीप अशी: ‘आईची झोपडी पाडली. इथल्या पगारातून तिला स्लॅबचे घर बांधले. ती म्हणते मोठ्या घरात एकटीला भीती वाटते.’

आम्ही ही टीप पुन्हा पुन्हा वाचली. कवितेत झोपडी आणि वाडा ह्यांचा विरोध आहे: वाडा परक्याचा, झोपडी आपली. रुसैलच्या वाचकाने तो विरोध मोडून टाकला. त्याच्या आयुष्यात झोपडीचे घर व्हावे म्हणूनच तो समुद्रापलीकडे गेला. कविता चूक नाही आणि तोही चूक नाही. आणखी एक गंमत अशी, की ब्रायटनचा समुद्र म्हणजे इंग्लिश खाडी, अश्दोदचा म्हणजे भूमध्य समुद्र. पण मस्कतच्या किनाऱ्याचे पाणी पुढे अरबी समुद्राला मिळते आणि तोच समुद्र रेवदंड्याला लागतो. पाच जणांत ‘हाच तो समुद्र’ असे अक्षरशः म्हणू शकेल असा वाचक तो एकटाच.

पाचवी प्रत दिमोनाच्या एका बाईंची. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी जवळजवळ काहीच लिहिले नाही. परदेशी जाणाऱ्या मुलासाठी आईचे मन शंकेने भरते, त्या ओळीखाली बारीक रेघ आणि बाजूला: ‘1964. आई विमानतळावर आली नाही. दार लावून आत बसली.’ कागद परत देताना त्यांच्या मुलीने तो पाहिला. तिने आम्हांस सांगितले, की आजीविषयी ही गोष्ट तिने त्या दिवशी प्रथमच वाचली. इतक्या वर्षांत आईने ती कधी सांगितली नव्हती, आणि कोणी विचारलीही नव्हती.

सगळेच बरोबर काय?

आता कोणी विचारील, मग ज्याला जे वाटेल तो अर्थ? नाही. अर्थटीप आणि संदर्भटीप ह्यांचा पाया पक्का हवा. अगस्तीने समुद्र पिऊन टाकल्याची कथा ठाऊक नसेल तर कवीची धमकी कळणारच नाही. कविता कैदेत लिहिली असे कोणी म्हटले तर ती चूकच; तेव्हा सावरकर मोकळे होते. मजकुरात नाही ते मजकुरात आहे असे सांगणे ही टीप नव्हे. परंतु पाया पक्का झाला की त्यावर प्रत्येकाची खोली वेगळी. मिक्राओत गेदोलोतच्या छापणाऱ्यांनी राशी ठेवले म्हणून रामबान काढून टाकले नाहीत. वाचणाऱ्याने दोघांचे ऐकावे, मग आपले मत करावे, अशी ती योजना आहे.

पेसाहच्या रात्री आपण चार मुलग्यांची गोष्ट वाचतो. सेदेर एक, टेबल एक, पण चौघांना उत्तरे चार. आणि ज्याला प्रश्नच विचारता येत नाही त्याच्यासाठी मोठ्यांनी आपणहून बोलायला सुरुवात करायची. आपली नातवंडे मराठी पुस्तकांपुढे पुष्कळदा त्या चौथ्या मुलासारखी असतात. त्यांना आपणहून सांगावे लागेल.

काय करावे?

आपल्या घरांतली मराठी पुस्तके पुढे कोण वाचणार, हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. घर आवरताना पुष्कळ पुस्तके खोक्यात जातात, कारण मुलांच्या दृष्टीने ती सगळी सारखीच. छापील पुस्तक गेले तर मुंबई-पुण्याच्या एखाद्या ग्रंथालयात दुसरी प्रत मिळू शकते. आपल्या हाताची टीप गेली तर ती गेलीच. म्हणून थोड्या सूचना.

एक आवडते पुस्तक निवडा, सगळी नकोत. कविता, कथा, तेहिलीम, हग्गादा, काहीही चालेल. मऊ पेन्सिल वापरा; शाई जुन्या कागदातून पलीकडे उतरते. पहिल्या पानावर आपले नाव, गावाचे नाव आणि साल घाला. टीप लहान लिहा, पण नावानिशी लिहा: ‘आई’ नव्हे, तर ‘माझी आई, अलिबाग’. शक्य असेल तेथे महत्त्वाच्या टिपेखाली एक ओळ हिब्रूत लिहा, म्हणजे नातवंडांना ती वाचता येईल. प्रार्थनेच्या पुस्तकात लिहिणे बरे वाटत नसेल तर कागदाची चिठ्ठी पानात ठेवा. आणि शब्बाथला मनात आलेले शनिवारी रात्री हाव्दालानंतर लिहा. चांगला विचार तेवढा वेळ थांबतो.

घरात कोणी दुसरे वाचणारे असेल तर दोघांनी दोन प्रतींवर वेगवेगळे लिहावे आणि मग प्रती बदलाव्यात. चाळीस वर्षांच्या संसारात न कळलेले एखादे मत त्यात सापडेल. भांडण झालेच तर राशी आणि रामबान ह्यांची आठवण ठेवावी. सात-आठशे वर्षे झाली, अजून एकाच पानावर आहेत.

वरच्या पाच प्रती आम्ही एका फाइलमध्ये लावून ठेवल्या आहेत. मागे काही कोऱ्या प्रतीही आहेत. ज्यांना हवी असेल त्यांनी संपादकांकडे मागावी आणि भरून परत द्यावी. रुसैलच्या वाचकाने आणखी दोन मागितल्या आहेत: एक त्याच्या खोलीत राहणाऱ्या मित्रासाठी, आणि एक रेवदंड्याला, आईसाठी.